कुबरनेटीस क्लस्टरसाठी डोमेन आणि आयपी पत्ते कसे आखावेत? महापे आणि वागळे इस्टेटमधल्या मांडणीसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईत महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याचा एक रॅक आहे आणि कार्यालय ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. स्वतःच्या यंत्रांवर कुबरनेटीस (कंटेनरमधली ॲप्लिकेशन अनेक यंत्रांवर मिळून चालवणारी प्रणाली) उभे करायचे आहे: ३ कंट्रोल प्लेन (क्लस्टरचा कारभार पाहणारी यंत्रे), ६ वर्कर (ॲप्लिकेशन चालवणारी यंत्रे) आणि त्यांच्यासमोर रहदारी वाटणारे २ लोड बॅलन्सर. सेवा देणाऱ्या कंपनीने /२९ चा, म्हणजे ८ सार्वजनिक पत्त्यांचा तुकडा दिला आहे (तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा तितका तुकडा छोटा). डोमेन कसे बांधायचे, आतले पत्ते कसे वाटायचे, आणि तीनपैकी एक कंट्रोल प्लेन कार्यालयात ठेवले तर चालेल का?

इन्स्टॉलर चालवण्याआधी पत्त्यांचा तक्ता कागदावर पूर्ण करा आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) चालू करून तपासा. हा क्रम उलटला की दुरुस्ती महाग पडते, कारण क्लस्टर उभा होताना काही नावे आणि पत्ते प्रमाणपत्रांत कोरले जातात. एपीआय सर्व्हरच्या (क्लस्टरसाठीच्या आज्ञा स्वीकारणारा भाग) प्रमाणपत्रात कंट्रोल प्लेनचे नाव, नोडचा (क्लस्टरमधल्या यंत्राचा) पत्ता आणि सर्व्हिस जाळ्याचा (पॉडच्या गटांना दिलेल्या स्थिर पत्त्यांचा) पहिला पत्ता असतो. ईटीसीडीचे, म्हणजे क्लस्टरची माहिती साठवणाऱ्या डेटाबेसचे, सभासद एकमेकांना पत्त्याने ओळखतात. पॉडचे (पॉड म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा छोटा गट) जाळे प्रत्येक नोडच्या नोंदीत जाते. यातले काहीही नंतर बदलायचे तर ते उघड्या शस्त्रक्रियेसारखे काम होते.

खाली नावे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष फाइलींत ती रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरांत लिहायची. होस्टच्या नावात अंडरस्कोअर चालत नाही, आडवी रेघ चालते, आणि दोन टिंबांमधला तुकडा ६३ अक्षरांपेक्षा मोठा नको.

डोमेन कोणते घ्यायचे

तुमच्या मालकीच्या खऱ्या डोमेनखालीच उपडोमेन काढा. समजा डोमेन कंपनी.इन आहे. मग क्लस्टरचा मुलूख सी१.कंपनी.इन. 'डॉट लोकल' वापरू नका. ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे, त्यामुळे काही लॅपटॉप आणि लिनक्स यंत्रे ते नाव तुमच्या डीएनएस सर्व्हरला विचारतच नाहीत. मग 'माझ्याकडे उघडतंय, त्याच्याकडे नाही' हा वाद सुरू होतो. आयकॅनने २०२४ मध्ये 'डॉट इंटर्नल' खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले. ते तांत्रिकदृष्ट्या निर्धोक आहे, पण त्यावर सार्वजनिक प्रमाणपत्र मिळत नाही. मग स्वतःचे प्रमाणपत्र-केंद्र चालवा, त्याचे मूळ प्रमाणपत्र प्रत्येक फोन-लॅपटॉपवर आणि प्रत्येक कंटेनर इमेजमध्ये घाला, हे आलेच. छोट्या चमूने या वाटेला जाऊ नये.

खऱ्या डोमेनचा फायदा असा की आतल्या पत्त्यावर चालणाऱ्या सेवेलाही लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी डीएनएस-०१ पद्धत वापरायची. सार्वजनिक डीएनएसमध्ये एक टीएक्सटी नोंद टाकून मालकी सिद्ध होते, सर्व्हर बाहेरून दिसण्याची गरज राहत नाही. वाइल्डकार्ड (तारा टाकून अनेक नावांना एकदम चालणारे) प्रमाणपत्र तर याच पद्धतीने मिळते. हे पहिल्या दिवसापासून आपोआप होईल असे बसवा. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी खाली आणायचे ठरलेले आहे. कॅलेंडरमध्ये आठवण लावून हाताने प्रमाणपत्र बदलण्याचे दिवस संपले.

क्लस्टरच्या नावात जागेचे नाव घालू नका. महापे.कंपनी.इन दिसायला छान दिसते, पण रॅक उद्या ऐरोलीला किंवा रबाळ्याला हलला की नाव खोटे ठरते आणि बदलता तर येत नाही. जागेचा उल्लेख यंत्राच्या नावात असू द्या. यंत्रे बदलत असतात, क्लस्टरचे नाव राहते.

लागणारी नावे मोजकी आहेत. एपीआय.सी१.कंपनी.इन हे कंट्रोल प्लेनचे, ते एपीआयच्या व्हीआयपीवर (गरजेप्रमाणे एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या आभासी पत्त्यावर) जाते. *.ॲप्स.सी१.कंपनी.इन हे सगळ्या ॲप्लिकेशनचे, ते इनग्रेसच्या (बाहेरची वेब रहदारी नावावरून योग्य सेवेकडे पाठवणारा भाग) व्हीआयपीवर जाते. मग प्रत्येक यंत्राचे एक. ओपनशिफ्ट (रेड हॅटचे कुबरनेटीस) घेणार असाल तर एपीआय-इंट.सी१.कंपनी.इन हे आणखी एक नाव लागते. नोड आपसात त्याच नावाने बोलतात आणि ते नसेल तर उभारणी अर्ध्यात अडकते.

क्यूबॲडम या साधनाने क्लस्टर उभारताना कंट्रोल-प्लेन-एंडपॉइंट हा पर्याय पहिल्याच कमांडमध्ये द्या आणि त्यात पत्ता न देता नाव द्या. सुरुवातीला एकच कंट्रोल प्लेन असले तरी द्या. हा पर्याय न देता उभ्या केलेल्या क्लस्टरला दुसरे-तिसरे कंट्रोल प्लेन जोडणे क्यूबॲडममध्ये सरळ होत नाही.

पत्त्यांचा तक्ता

खासगी वापरासाठी तीन मुलूख आहेत: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. १९२.१६८ मधले काही क्लस्टरला देऊ नका. ठाण्यातल्या कुठल्याही घरातला वायफाय राउटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ वाटत असतो. घोडबंदर रोडवरच्या घरातून रात्री कुणी व्हीपीएन लावले की त्याच्या लॅपटॉपला १९२.१६८.१.२० म्हणजे घरातला प्रिंटर की रॅकमधला सर्व्हर हे कळत नाही. १७२.१७.०.० हा डॉकरचा ठरीव पूल आहे, म्हणून तोही टाळा. म्हणजे १० चा मुलूख. त्यातही खड्डे आहेत. क्यूबॲडमचे सर्व्हिस जाळे ठरीवपणे १०.९६.०.०/१२ असते, आणि /१२ म्हणजे १०.९६ पासून १०.१११ पर्यंत सगळे. फ्लॅनेल हे पॉडचे जाळे बनवणारे साधन पॉडसाठी १०.२४४.०.०/१६ धरते. के३एस हे छोटेखानी कुबरनेटीस १०.४२ आणि १०.४३ घेते. ओपनशिफ्ट पॉडना १०.१२८.०.०/१४ आणि सर्व्हिसला १७२.३०.०.०/१६ देते. हे आकडे सगळीकडे तेच असल्याने उद्या दुसरा क्लस्टर किंवा ग्राहकाचे जाळे जोडायची वेळ आली की ते हमखास एकमेकांवर आदळतात. आपले आकडे आपण निवडून लेखी ठेवा.

तुमच्यासाठी असा तक्ता सुचवतो. महाप्याच्या रॅकसाठी पूर्ण १०.६१.०.०/१६ राखून ठेवा आणि त्यातले थोडेच वापरा; पॉड आणि सर्व्हिसला शेजारचे १०.६२ आणि १०.६३ द्या:

१०.६१.८.०/२४, व्हीलॅन (स्विचवर वेगळे काढलेले जाळे) १०८: व्यवस्थापन. सर्व्हरचे आयपीएमआय (सर्व्हर दुरून चालू-बंद करायचे) पोर्ट, स्विच, पॉवर स्ट्रिप.
१०.६१.१६.०/२४, व्हीलॅन ११६: नोड आणि व्हीआयपी.
१०.६१.२४.०/२४, व्हीलॅन १२४: स्टोरेज. याला गेटवे द्यायचा नाही.
१०.६२.०.०/१६: पॉड.
१०.६३.०.०/१६: सर्व्हिस.

८, १६, २४ असे आठ-आठचे अंतर मुद्दाम ठेवले आहे. नोडचे /२४ कमी पडले तर मास्क /२१ करून १०.६१.१६ ते १०.६१.२३ एवढी जागा मिळते आणि एकाही यंत्राचा पत्ता बदलावा लागत नाही. सबनेट एकाला एक चिकटवून आखले की ही सोय जाते. व्हीलॅनचा क्रमांक तिसऱ्या आकड्यावरून ठरवला आहे, म्हणजे रात्री स्विचसमोर उभ्या माणसाला तक्ता उघडावा लागत नाही.

पॉडच्या /१६ मधून प्रत्येक नोडला एक /२४ मिळतो, म्हणजे २५६ नोडपर्यंत जागा आहे. एका नोडवर ठरीव मर्यादा ११० पॉडची. २५६ पत्ते त्याच्या दुपटीहून जास्त आहेत, त्यामुळे पॉड मेला की त्याचा पत्ता लगेच दुसऱ्याला द्यावा लागत नाही. जागा वाचवायला /२५ करायचा मोह होतो. १२८ पत्त्यांवर ११० पॉड बसतात खरे, पण मोठी आवृत्ती चढवताना जुने-नवे पॉड एकदम असतात आणि तेव्हा 'पत्ता शिल्लक नाही' अशी चूक येते.

१०.६१.१६.० च्या आत वाटप असे: .१ गेटवे, .२ आणि .३ दोन फायरवॉलचे खरे पत्ते. .५ एपीआयची व्हीआयपी, .६ इनग्रेसची. .८ आणि .९ डीएनएस. .११, .१२ लोड बॅलन्सर. .२१ ते .२३ कंट्रोल प्लेन. .३१ पासून पुढे .९९ पर्यंत वर्कर, आज सहाच वापरा. .२०० ते .२१९ मेटलएलबीसाठी (क्लस्टरमधल्या सेवांना बाहेरून दिसणारे पत्ते देणारे साधन). .२३० ते .२४९ हा डीएचसीपीचा (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेचा) तुकडा, फक्त नवीन यंत्र पहिल्यांदा उठवायला.

डीएचसीपीचा तुकडा आणि व्हीआयपी एकमेकांत घुसलेले असणे हा फार सर्रास दिसणारा घोटाळा आहे. महिनाभर सगळे व्यवस्थित चालते. मग कुणीतरी तात्पुरता लॅपटॉप जोडतो, त्याला नेमकी एपीआयची व्हीआयपी मिळते, आणि अर्ध्या नोडना क्लस्टर दिसतो, अर्ध्यांना दिसत नाही.

व्हर्च्युअल मशीन एकाच साच्यातून उतरवली असतील तर आणखी एक गोष्ट पाहा. साच्यातली मशीन-आयडीची फाइल रिकामी केली नसेल तर सगळ्या प्रतींचा मशीन-आयडी सारखाच राहतो. सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला आपली ओळख त्यावरूनच सांगते. मॅक पत्ते वेगळे असूनही दोन यंत्रांना एकच आयपी मिळतो तो यामुळे. साचा बंद करण्यापूर्वी ती फाइल रिकामी करायची, पहिल्या बूटला नवी तयार होते.

व्हीआयपी आणि लोड बॅलन्सर

दोन लोड बॅलन्सरवर एचएप्रॉक्सी (रहदारी वाटणारा) आणि कीपअलाइव्हडी (व्हीआयपी चालू यंत्राकडे ठेवणारा) ही जोडी पुरेशी आहे. कीपअलाइव्हडीच्या नमुना फाइलीत व्हर्च्युअल राउटर आयडी ५१ असतो आणि लोक तोच उतरवतात. त्याच व्हीलॅनमध्ये फायरवॉलची जोडीही व्हीआरआरपी (व्हीआयपी कोणाकडे राहील हे ठरवायची पद्धत) चालवत असेल आणि तिचाही क्रमांक ५१ असेल, तर दोन्ही बाजू एकच मॅक पत्ता सांगू लागतात किंवा एकमेकांचे संदेश नाकारत राहतात, आणि व्हीआयपी इकडून तिकडे उड्या मारते. १ ते २५५ मधला वेगळा क्रमांक घ्या, तक्त्यात लिहा. स्विचवर मल्टिकास्टचा भरवसा नसेल तर दोघांना एकमेकांचे पत्ते देऊन युनिकास्ट चालवा.

व्हीआयपी ज्याच्याकडे नाही त्या लोड बॅलन्सरवर एचएप्रॉक्सी सुरूच होत नाही, कारण तो पत्ता त्या यंत्रावर नसतो. कर्नलमधले आयपी-नॉनलोकल-बाइंड १ करा. ही सेटिंग राहून गेली तर पहिला लोड बॅलन्सर पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही आणि पडल्यावर दुसरा रिकाम्या हाताने उभा असतो. म्हणून चालू करण्याआधी पहिल्याची नेटवर्क केबल खरोखर काढून पाहा.

एपीआयच्या ६४४३ पोर्टवर नुसते 'कनेक्शन जुळते का' एवढे तपासू नका. एपीआय सर्व्हर सुरू होत असताना पोर्ट उघडा असतो पण तो तयार नसतो. रेडीझेड या पत्त्यावर विचारणा करून २०० उत्तर आले तरच त्याच्याकडे रहदारी पाठवा. नोडच्या आपसांतले पोर्ट असे: ईटीसीडीसाठी २३७९ व २३८०, क्यूबलेटसाठी (प्रत्येक नोडवर पॉड चालवणारा कारभारी) १०२५०, नोडपोर्टसाठी ३०००० ते ३२७६७. ओपनशिफ्टला उभारणीच्या वेळी २२६२३ लागतो, तो बाहेर उघडायचा नाही.

मेटलएलबी लेयर-२ पद्धतीने चालवताना एका पत्त्याची सगळी रहदारी एका वेळी एकाच नोडवर येते. तो नोड पडला की दुसरा नोड एआरपीने (जाळ्यात कोणता पत्ता कोणाकडे हे कळवायची पद्धत) 'आता हा पत्ता माझा' असे जाहीर करतो. डेटा सेंटरच्या स्विचवर एआरपी तपासणी किंवा पोर्ट सिक्युरिटी चालू असेल तर ही घोषणा गिळली जाते. स्विच तुमचा नसेल तर हे आधीच लेखी विचारून घ्या.

डीएनएस: इथे वेळ द्या

आतल्या नावांचे दोन डीएनएस सर्व्हर क्लस्टरच्या बाहेर, वेगळ्या यंत्रांवर ठेवा. क्लस्टरमध्येच पॉड म्हणून चालवलेला डीएनएस सोयीचा वाटतो. पण महावितरणचा शटडाऊन लांबला, यूपीएस संपला आणि पूर्ण रॅक थंड झाला की कोंडी होते. नोडना एपीआयचे नाव सोडवायला डीएनएस हवा आणि डीएनएसला उठायला एपीआय हवा. उठवण्याचा क्रम असा हवा: स्विच आणि फायरवॉल, मग डीएनएस आणि वेळेचा सर्व्हर, मग लोड बॅलन्सर, कंट्रोल प्लेन आणि शेवटी वर्कर. सर्व्हरच्या बायोसमध्ये वीज आल्यावर उशिरा चालू होण्याची सोय असते, ती वापरा.

बाइंड हा डीएनएस सर्व्हर वापरत असाल तर झोन फाइलीतल्या दोन चुका सतत भेटतात. पहिली, पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यायचे राहून जाणे. मग एपीआय.सी१.कंपनी.इन हे एपीआय.सी१.कंपनी.इन.सी१.कंपनी.इन होऊन बसते. दुसरी, बदल करून अनुक्रमांक न वाढवणे. मुख्य सर्व्हर नवे सांगतो, दुय्यम जुनेच सांगत राहतो. नेम्ड-चेकझोनला -D पर्याय देऊन पूर्ण झोन छापून पाहिली की पहिली चूक दिसते, दुसरी दिसत नाही. दोन्ही सर्व्हरना वेगवेगळे विचारून अनुक्रमांक जुळवणे हाच मार्ग.

उलट नोंदी, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या पीटीआर, टाळण्याकडे कल असतो. १०.६१.१६ साठी झोनचे नाव १६.६१.१०.इन-ॲडर.आर्पा असे उलटे होते. ओपनशिफ्टमध्ये नोड आपले होस्टनेम बहुतेक वेळा पीटीआरवरूनच घेतो. ते नसेल तर यंत्र लोकलहोस्ट नावाने क्लस्टरमध्ये यायला बघते. साध्या कुबरनेटीसला त्याची सक्ती नाही, पण लॉग वाचताना नुसते आकडे पाहण्यापेक्षा नाव दिसणे बरे. एका पत्त्याला एकच पीटीआर ठेवा.

आता वाइल्डकार्ड. सगळ्यात फसवे प्रकरण हेच. कुणीतरी सोयीसाठी *.कंपनी.इन अशी नोंद इनग्रेसकडे वळवतो. नोडच्या रिझॉल्व्ह फाइलीत (कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचे ते सांगणारी फाइल) सर्च डोमेन, म्हणजे अपुऱ्या नावामागे जोडायची शेपटी, म्हणून कंपनी.इन असते. पॉडला ती यादी वारशाने मिळते, आणि पॉडमध्ये एनडॉट्सची किंमत ५ असते. म्हणजे ज्या नावात पाचपेक्षा कमी टिंबे आहेत ते नाव आधी सर्च यादीतल्या प्रत्येक शेपटीसह विचारले जाते आणि सगळे फसल्यावरच जसेच्या तसे. आता पॉडने एपीआय.बँक.कॉम विचारले. पहिल्या तीन शेपट्या क्लस्टरच्या आतल्या, तिथे 'नाही' उत्तर आले. चौथी शेपटी कंपनी.इन. एपीआय.बँक.कॉम.कंपनी.इन असे कुणी बनवलेले नाही, पण वाइल्डकार्ड 'हो, आहे' म्हणतो आणि तुमच्याच इनग्रेसचा पत्ता देतो. ॲप्लिकेशनला बँकेऐवजी स्वतःच्याच दारातून ४०४ मिळतो, किंवा प्रमाणपत्र जुळत नाही अशी तक्रार येते. नोडवरून डिग या डीएनएस तपासायच्या कमांडने पाहिले तर सगळे बरोबर दिसते, कारण डिग सर्च यादी वापरतच नाही. लोक दोन दिवस बँकेच्या मागे लागतात.

उपाय सोपा आहे. वाइल्डकार्ड फक्त ॲप्स.सी१ च्या खाली ठेवा आणि नोडवरून सर्च डोमेन काढून टाका. त्याचा दुसरा फायदाही मोठा आहे. चार शेपट्या असतील तर बाहेरच्या एका नावासाठी आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ मिळून ८ वायफळ विचारणा होतात आणि मग २ खऱ्या. बाहेर भरपूर बोलणाऱ्या पॉडना डीएनएस-कॉन्फिगमध्ये एनडॉट्स २ करून द्या.

वाइल्डकार्डची आणखी एक बारीक गोम. *.ॲप्स.सी१ आहे आणि बिल.ॲप्स.सी१ त्याच्यामुळे छान उघडते. मग कुणी प्रमाणपत्रासाठी बिलच्या खाली ॲक्मे-चॅलेंजची टीएक्सटी नोंद हाताने टाकतो. नियम असा की एखाद्या नावाखाली काहीही असले की ते नाव अस्तित्वात आहे असे धरले जाते, आणि अस्तित्वात असलेल्या नावाला वाइल्डकार्ड लागू होत नाही. बिल.ॲप्स.सी१ त्या क्षणापासून बंद. टीएक्सटी काढली की पुन्हा सुरू. वाइल्डकार्ड प्रमाणपत्र मात्र एकाच पायरीला चालते, चाचणी.बिल.ॲप्स.सी१ त्यात बसत नाही.

रिझॉल्व्ह फाइलीत तीनपेक्षा जास्त डीएनएस सर्व्हर लिहून उपयोग नाही, चौथा वाचलाच जात नाही. पहिला बंद असेल तर दुसऱ्याकडे जायला ठरीवपणे ५ सेकंद लागतात आणि हे प्रत्येक विचारणेला. 'क्लस्टर मंद झाला, पण सीपीयू रिकामा आहे' अशी तक्रार आली की आधी हे पाहा. पर्यायांत टाइमआउट १ करा. आतला आणि सार्वजनिक सर्व्हर एकाच यादीत मिसळूही नका. पहिला क्षणभर अडखळला की विचारणा ८.८.८.८ कडे जाते, तो 'असे नाव नाही' सांगतो, आणि ते अधिकृत उत्तर म्हणून स्वीकारले जाते.

उबुंटूवर रिझॉल्व्ह फाइलीत १२७.०.०.५३ असते. तीच फाइल पॉडना गेली तर कोअरडीएनएस (क्लस्टरच्या आतला डीएनएस) स्वतःलाच विचारत बसतो, लूप ओळखतो आणि पडत राहतो. क्यूबॲडम हे बहुतेकदा ओळखून सिस्टिमडीची खरी फाइल देतो, पण स्वतःची क्यूबलेट सेटिंग लिहिली असेल तर तपासा.

'नाही' हे उत्तरसुद्धा साठवले जाते. नोंद टाकण्याआधी कुणी ते नाव विचारले असेल तर झोनच्या एसओए नोंदीतल्या शेवटच्या आकड्याइतके सेकंद तेच नकारार्थी उत्तर फिरत राहते. तो आकडा ८६४०० न ठेवता ६० ते ३०० ठेवा. पत्ता बदलायचा असेल तर आदल्या दिवशी टीटीएल (उत्तर किती सेकंद साठवायचे तो आकडा) ३०० वर आणा.

सार्वजनिक पत्ते

/२९ म्हणजे ८ पत्ते. उदाहरणादाखल २०३.०.११३.८/२९ घ्या. .८ जाळ्याचा, .१५ ब्रॉडकास्टचा, .९ सेवा देणाऱ्याचा गेटवे. हातात उरतात .१० ते .१४ असे पाच. दोन फायरवॉल आणि त्यांची व्हीआयपी यात तीन गेले. म्हणून सगळी वेब रहदारी एकाच पत्त्यावर घेऊन नावावरून इनग्रेसमध्ये वाटायची. एपीआयचा ६४४३ बाहेर उघडायचा नाही, तो व्हीपीएनमधूनच.

कार्यालयातून सार्वजनिक पत्त्याकडे जाऊन फायरवॉलवरून परत आत वळण्याची वाट नाजूक असते. त्यापेक्षा डीएनएसची दोन रूपे ठेवा. आतून विचारले तर १०.६१.१६.६, बाहेरून विचारले तर २०३.०.११३.१२. दोन्ही झोन एकाच मूळ फाइलीतून तयार होतील असे बघा, नाहीतर सहा महिन्यांत ते जुळेनासे होतात.

आयपीव्ही६ आत्ताच घ्या. जिओसारख्या मोबाइल जाळ्यांवरचे बहुतेक ग्राहक आयपीव्ही६ वर आहेत. कुबरनेटीसमध्ये दुहेरी पत्त्यांची सोय १.२३ पासून पक्की आहे. प्रत्येक व्हीलॅनला एक /६४, पॉडसाठी एक /५६.

आणि १००.६४.०.०/१० विसरू नका. ब्रॉडबँडवाले हा मुलूख आपल्या मोठ्या नॅटसाठी (अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवायला) वापरतात, टेलस्केल ही व्हीपीएन सेवा त्यातलेच पत्ते वाटते, आणि ओपनशिफ्टचे ओव्हीएन हे जाळे अंतर्गत कामाला १००.६४.०.०/१६ धरते. यातले दोन एकत्र आले तर ओव्हीएनचा तुकडा उभारणीच्या वेळीच बदलून घ्या.

एमटीयू

एमटीयू म्हणजे जाळ्यातून जाणाऱ्या एका पाकिटाचा कमाल आकार. व्हीएक्सलॅन (नोडच्या जाळ्यावर पॉडचे जाळे चढवायची पद्धत) प्रत्येक पाकिटावर ५० बाइट चढवते. खालचे जाळे १५०० असेल तर पॉडचे १४५० हवे. चुकले तर पिंग चालते, छोटी उत्तरे येतात, आणि मोठे लॉग किंवा इमेज ओढताना सगळे गोठते. पिंगला 'तुकडे करू नकोस' सांगून १४७२ बाइट पाठवा. त्यात २८ मिळवले की १५०० होतात. महापे ते वागळे इस्टेट या दुव्यावर तर हे नक्की करा, कारण मधल्या टनेलमुळे तिथे १५०० अनेकदा मिळत नाही. स्टोरेजला ९००० ठेवणार असाल तर स्विचसकट दोन्ही टोकांना, किंवा कुठेच नाही.

एक कंट्रोल प्लेन ठाण्याला ठेवावे का

नको. अंतराचा प्रश्न नाही. काचेच्या तारेत किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. तारेची लांबी ३० किलोमीटर धरली तरी जाऊन-येऊन ०.३ मिलिसेकंद होतात, आणि ईटीसीडीचा ठरीव ठोका १०० मिलिसेकंदांचा आहे. अडचण बहुमताची आहे. तीन सभासदांत दोन हवेत. दोन महाप्याला आणि एक ठाण्याला असेल तर महापे पडल्यावर ठाण्याचा एकटा काहीच करू शकत नाही. ठाणे पडले तर काही बिघडत नाही, पण तिन्ही महाप्याला असते तरीही बिघडले नसते. म्हणजे संरक्षण वाढले नाही आणि रोजच्या कामात खोदकामाने तुटणारी एक तार मात्र आली. खरोखर जागा पडण्यापासून वाचायचे तर तिसरी स्वतंत्र जागा लागते.

ठाण्याला दुय्यम डीएनएस आणि ईटीसीडीचा बॅकअप ठेवा. दोन कंपन्यांच्या लाइन घेताना दोघांकडून मार्गाचा नकाशा मागा. एकीची तार कळवा-विटाव्याकडून आणि दुसरीची मुलुंड-ऐरोली पुलाकडून असेल तर उपयोग. दोन्ही ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एकाच चरातून जात असतील तर बिले दोन आणि तार एक.

उभारणीच्या आदल्या दिवशी

प्रत्येक यंत्रावरून प्रत्येक नाव विचारा, प्रत्येक पत्त्याची उलट नोंद विचारा, दोन्ही डीएनएस सर्व्हरना वेगवेगळे. ॲप्सखाली मनाला येईल ते नाव विचारा, इनग्रेसचा पत्ता यायला हवा. त्याच यंत्रावरून कंपनी.इन खाली अर्थहीन नाव विचारा, तिथे 'नाही' यायला हवे. व्हीआयपीचे पत्ते आणखी कुणाकडे नाहीत ना ते आर्पिंग या कमांडने तपासा. कीपअलाइव्हडी सुरू होण्याआधी कुणीही उत्तर देता कामा नये.

वेळ जुळवा. घड्याळे सरकली की प्रमाणपत्रे 'अजून सुरू न झालेली' ठरतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळणी ठेवायची आहे, आणि लॉग १८० दिवस राखायचे आहेत. दोन डीएनएस यंत्रांवरच क्रोनी हा वेळेचा सर्व्हर चालवा, बाकी सगळे त्यांना विचारतील.

एका यंत्राला दोन-तीन नेटवर्क कार्ड असतील तर क्यूबलेटला नोड-आयपी स्पष्ट द्या. नाहीतर तो कधी स्टोरेजचा पत्ता उचलतो, आणि गेटवे नसलेल्या त्या जाळ्यावरून इतरांना हाक मारत राहतो. फ्लॅनेल वापरत असाल तर त्यालाही कोणते कार्ड वापरायचे ते सांगा.

क्लस्टर आधीच चुकीच्या पत्त्यांवर उभा असेल, तर काय वाचते तेही सांगतो. एपीआयला नवे नाव देणे शक्य आहे: सेटिंगमध्ये ते नाव वाढवा, एपीआय सर्व्हरचे जुने प्रमाणपत्र बाजूला ठेवा आणि क्यूबॲडमकडून नवे काढून घ्या, एकेका कंट्रोल प्लेनवर. सर्व्हिसचा मुलूख कमी पडला तर १.३३ पासून दुसरा मुलूख जोडता येतो. पण पॉडचे जाळे ग्राहकाच्या जाळ्यावर आदळत असेल, किंवा कंट्रोल प्लेनचे पत्तेच बदलायचे असतील, तर डागडुजीत आठवडा घालवू नका. शेजारी नवा क्लस्टर बरोबर पत्त्यांवर उभा करा, ॲप्लिकेशन एकेक करून हलवा, डीएनएसचा टीटीएल ३०० वर आणून नावे वळवा आणि जुना दोन आठवडे चालू ठेवून मग बंद करा.